अठरा ब्रिक्स

पंचवीस वर्षं मी द्राक्षं पिळून पाहिली.
एक मणी, दोन बोटं, एक थेंब काचेवर,
मग एक डोळा मिटून नळी उजेडाकडे धरायची
आणि बघायचं, निळी रेघ कुठे थांबते.
सोळाला थांबली तर बागवाल्याला सांगायचं, "अजून चार दिवस."
अठराला थांबली की कात्रीवाल्या बायकांना हाक.
दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसमधून
माझ्या शब्दावर कंटेनर हलायचे.
गोडी चढली की सगळे खूश.

आता माझं बोट पिळतात.
थेंब पट्टीवर, पाच सेकंद,
आणि आकडा चढला की घरात कुणी बोलत नाही.
पहिल्यांदा दोनशे ब्याऐंशी आला तेव्हा
सवयीनं मी म्हणून गेलो, "माल तयार आहे."
मंदाकिनी हसली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालायला लागा.
म्हटलं, बागांतून दिवसभर हिंडतोच की.
"ते हिंडणं झालं. मी चाल म्हणतेय.
शेजारच्याशी बोलता यावं,
पण गाणं म्हणता येऊ नये, इतकी."

तेव्हापासून पहाटे म्हसरूळहून चामरलेणी.
पहिल्या दिवशी साठाव्या पायरीवर बसलो.
डोंगराला काही घाई नव्हती.
दगडू निकाळे मागून आला,
एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, आणि शुगर माझ्याहून जुनी.
"पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे."
त्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेलाय.
बुटात खडा होता, दिवसभर कळलाच नाही.
म्हणून चढण्याआधी तो माझे बूट काढायला लावतो,
आत हात घालून चाचपतो,
तिकिटं तपासावी तसा, प्रत्येक शिवण.

त्याचंच गणित मला पटलं:
मांड्या-पोटऱ्या म्हणजे हमाल.
ते बसून राहिले की साखर धक्क्यावर पडून,
रक्तात, उन्हात, बेवारस.
त्यांना उठव. माल आपोआप आत जातो.

मग जानेवारी आला. हंगाम.
रात्री दोनपर्यंत पॅकिंग, पहाटे पाचला गोळी घेतली,
चहासुद्धा नाही, आणि डोंगराला भिडलो
कुणाची तरी जिरवायची असल्यासारखा.
शंभराच्या पुढे पायऱ्या दुप्पट दिसायला लागल्या.
थंडीत घाम. ओठ बधिर. हात माझे नव्हते.
"दगडू," म्हटलं, आणि पुढचा शब्द सापडेना.

त्यानं माझा खिसा उलटा केला.
कालच्या सॅम्पलची पिशवी निघाली, थॉमसन,
पंधरावीस मणी, थोडे चेपलेले.
मूठ भरून तोंडात कोंबले.
"मोजू नको. चाव."
मी चावत राहिलो, हनुवटीवरून रस,
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा
नळीतून न बघता.
दहा मिनिटांनी खालचं नाशिक जागेवर आलं,
दिवे, धुकं, दुधाच्या गाडीचा हॉर्न.

डॉक्टरीणबाई खूप बोलल्या.
गोळी बदलली. वर चार बिस्किटं खाल्ल्याशिवाय डोंगर बंद.
खिशात आता साखरेच्या पुड्या असतात,
हॉटेलातल्या, दगडूनं कुठून आणल्या विचारू नका.

तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार होती,
आता सात पूर्णांक एक आहे.
आंबे येतील तेव्हा पुन्हा बघू.

रात्री जेवण झालं की टीव्हीसमोर टेकायच्या आत
मंदाकिनी चपला घालून दारात उभी असते.
गल्लीच्या टोकापर्यंत, पाण्याच्या टाकीला वळसा,
पंधरा मिनिटं.
ती गुणगुणायला लागते.
म्हणजे आपण हळू चालतोय, मी म्हणतो,
आणि वेग वाढवतो.
तिला धाप लागते,
पण गाणं काही ती सोडत नाही.